कैरोच्या मासिकावर देऊळघाटची शपथ

“वाचा साहेब,” पाटील म्हणाले. “एक तुकडा वाचा, मंग संपत हात ठेवते.”

मी देऊळघाटात याकूबमियांच्या ओसरीवर उभा होतो. समोर चौरंगावर एक मोठा गठ्ठा, त्याचं हिरवं कापड नुकतंच सोडलेलं. अंगणात निम्मं गाव जमलेलं. एका बाजूला संपत, बऱ्यापैकी जमीन असलेला शेतकरी, सारखा मानेवरचा घाम पुसत होता. दुसऱ्या बाजूला गोदाबाई, त्याच्या शेताला लागून शेत असलेली विधवा, पदर खोचून बसली होती. आणि मधे मी, कॉलेजात फारसी-अरबी शिकवणारा मास्तर, अंगात कोट, हातपाय नुकतेच धुतलेले. गठ्ठ्यात काय आहे हे त्या अख्ख्या अंगणात मला एकट्याला, तेही दोन मिनिटांपूर्वी, नक्की कळलं होतं. वरच्याच पानावर दाढीच्या साबणाची जाहिरात होती.

ही पाळी माझ्यावर कशी आली ते सांगतो.

मी तेव्हा थिसिस लिहीत होतो. विषय ऐकला की लोक पुन्हा विचारायचे. ‘आधुनिक अरबी विचारातील नीतिकल्पनांचा इतिहास.’ सोपं करून सांगायचं तर, चांगला माणूस कोणाला म्हणावं याबद्दल कैरो-बेरूतकडच्या लोकांचं मत गेल्या शंभर वर्षांत कसकसं बदलत गेलं, ते शोधायचं. अरबीत नीतीला अखलाक म्हणतात. जुने पंडित म्हणायचे, अखलाक म्हणजे मनाला लावलेल्या सवयी. फार उधळू नये, फार चिकटही असू नये, मधलं धरावं. मग छापखाने आले, शाळा आल्या, आणि नवे लेखक म्हणू लागले की नीती म्हणजे नागरिकाचं कर्तव्य आणि माणसाचा आतला आवाज. ही सगळी भांडणं मासिकांतून झाली. म्हणून माझ्या धंद्यात जुन्या मासिकांना फार मोल. पुस्तकात माणूस विचार करून लिहितो, मासिकात रागावून लिहितो. इतिहासाला राग जास्त उपयोगी पडतो.

कुणब्याच्या मुलाने अरबी का शिकावी, हेही लोक विचारतात. शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत नाहीतर फारसी घ्यावी लागे. संस्कृतचे शास्त्रीबुवा मारत, फारसीचे मौलवीसाहेब मारत नसत. एवढ्या तात्त्विक कारणावरून मी फारसीला बसलो आणि पुढे अरबीकडे सरकलो. वडील एवढंच म्हणाले, “अरबी शिकून घोडे इकतं काय बे?” घोडे विकले असते तर बरं झालं असतं, असं मलाही अधूनमधून वाटे.

माझे गाइड नागपूरला होते. गाइड म्हणजे थिसिस लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर बसवलेला प्रोफेसर. आमचे प्रोफेसरसाहेब मोठे जाणकार, पण बोलायचे कमी. माझ्या यादीतल्या एका अरबी मासिकाच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

“या मासिकाचे अंक पाहिल्याशिवाय तुझं चौथं प्रकरण उभं राहत नाही,” ते म्हणाले.

“कुठे मिळतील, सर?”

“कैरोला.”

“सर, माझी स्कॉलरशिप भुसावळपर्यंतही पुरत नाही.”

“मग बुलढाण्याकडे बघ. देऊळघाटचे एक हाजीसाहेब होते, हकीम. हजवरून येताना इजिप्तमध्ये राहून आले. हे मासिक ते पोस्टाने मागवत. एकदा रेल्वेत भेटले तेव्हा अर्धा रस्ता त्याच्या संपादकाला शिव्या देत होते.”

“ते आहेत अजून?”

“ते नसतील. शिव्या देण्याजोगं मासिक माणूस फेकून देत नाही. तू जा.”

गेलो. नांदुऱ्याला गाडीतून उतरलो, कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत सर्व्हिस मोटार गाठली, बुलढाण्याला आलो आणि तिथून दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून देऊळघाट. हाजीसाहेब खरंच वारले होते. त्यांचे चिरंजीव याकूबमिया पन्नाशीचे, शेती करणारे, स्वभावाने मऊ. त्यांनी मला गूळ-पाणी दिलं, अरबी शिकलेला हिंदू म्हणून खालीवर पाहून घेतलं आणि मग आतल्या खोलीत नेलं. उंच फळीवर, हिरव्या कापडात, लोबानच्या वासात गठ्ठा होता.

“अब्बाच्या किताबा,” ते म्हणाले.

“उघडून बघू?”

“असा नाही सुटत तो. गावात किरिया असली तरच खाली घेतो.”

किरिया म्हणजे शपथ. हळूहळू सगळं कळलं. हाजीसाहेबांनी उंदीर-वाळवीच्या भीतीने अंक कापडात बांधून उंच ठेवले होते. ते गेल्यावर गावाने आपला हिशेब केला. एवढ्या भल्या माणसाने जन्मभर जपलं ते पवित्रच असणार, आणि त्यातून अरबी अक्षर. गावचे मुल्लाजी कुराण उत्तम वाचत. पण कुराणात अक्षरांवर स्वरांच्या खुणा असतात, मासिकात त्या नसतात. शिवाय गठ्ठा सोडून बघायची छाती कोणाला झाली नव्हती. मग कोणीतरी पहिल्यांदा त्यावर हात ठेवून किरिया घेतली, आणि तो रिवाज पडला. धुऱ्याचं म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण आलं, की ज्याच्यावर आळ असेल त्याने गठ्ठ्यावर हात ठेवून सांगायचं. हात ठेवला की फिर्याद करणाऱ्याने मान्य करायचं आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. हात मागे घेतला की कबुली. हिंदू असो, मुसलमान असो, गठ्ठ्यावर खोटं बोलायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती.

“सध्या एखादं भांडण आहे का गावात?” मी आशेने विचारलं.

“आहे ना. येत्या शुक्रवारीच किरिया आहे.”

मला मनापासून आनंद झाला. संशोधकाचं काळीज असं असतं.

भांडण संपत आणि गोदाबाईचं होतं. दोघांच्या शेतांमधला धुरा दर नांगरणीला थोडा थोडा गोदाबाईच्या अंगाला सरकत गेला होता. हद्दीचे दगड कधीच निघून गेले होते. त्या वर्षी धुरा इतका सरकला की गोदाबाईची विहिरीवर जायची वाट संपतच्या बाजूला पडली, आणि संपतने तिच्यावर काटे लावले. विहीर बाईची, पाणी बाईचं, वाट संपतची. बैलांना पाणी दाखवायचं तर बाईने लांबून, दुसऱ्यांच्या शेतांतून हातापाया पडत जायचं. भाजीचा वाफा तर वाळूनच गेला होता. अशाने दोन सालांत शेत विकायची पाळी येणार आणि घेणारा संपतच असणार, हे गावात सगळ्यांना दिसत होतं. पुरावा मात्र कोणाकडे नव्हता. म्हणून बाईने किरिया मागितली. संपतला आधी ताप आला, मग त्याचे पाहुणे आले, मग पुन्हा ताप आला. शेवटी पाटलांनी शुक्रवार नक्की केला.

त्या दुपारी गठ्ठा खाली आला आणि पाटलांना सुचलं, की इतक्या वर्षांत वाचणारा भेटला नव्हता, आज भेटला आहे, तर किरियेआधी किताबातला एक तुकडा गावाला ऐकवावा. सगळ्यांना ते पसंत पडलं. मलाही पडलं. खोटं कशाला बोलू, एवढ्या लोकांनी माझी अरबी ऐकायची इच्छा त्याआधी कधी दाखवली नव्हती.

गाठ सोडली आणि साबण दिसला. दुसऱ्या पानावर खिशातली घड्याळं, तिसऱ्यावर घर टापटीप कसं ठेवावं याबद्दल गृहिणींना सूचना. मी भराभर पानं उलटली. आणि एका लेखाच्या मथळ्यावर डोळे थांबले. ‘शपथ’. असा प्रसंगाला शोभणारा उतारा मिळाल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली. मथळा बघून उतारा उचलू नये, आधी लेख शेवटपर्यंत वाचावा, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगतात. मी ते स्वतः वर्गात सांगत असे.

मी खणखणीत आवाजात अरबी वाक्य वाचायचो आणि मागोमाग त्याचा मराठी अर्थ सांगायचो.

“शपथ ही फार पुरातन गोष्ट आहे.”

लोकांनी माना डोलावल्या.

“माणूस लहान होता, भित्रा होता, तेव्हा तो शपथ घेत असे.”

माना थोड्या मंदावल्या. मला शंका आली. पण अंगणभर लोक तोंडाकडे बघत असताना मधेच थांबायचं कसं?

“आज ज्याच्या अंतःकरणात न्यायाधीश बसलेला आहे, त्याला दुसरा साक्षीदार कशाला? जो शपथेवाचून खरं बोलत नाही, तो शपथ घेऊनही बोलणार नाही. म्हणून सज्जनाने शपथ घेऊ नये.”

संपतच्या चेहऱ्यावरचा ताप झर्रकन उतरला.

“ऐकलं ना पाटील? किताबच म्हणते, किरिया घेऊ नका. मंग मी कायले घेऊ? मी सरळ माणूस आहो. नुसतं तोंडानं सांगतो. धुरा माहा आहे.”

“मले ते काही समजत नाही,” गोदाबाई म्हणाली. “हात ठेव म्हणा त्याले.”

“किताबाच्या वरतं मी जाऊ काय, गोदाबाई?” पाटील हळू म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. याकूबमिया तर माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू पाहुणा म्हणून घरात घेतला आणि त्याने चूल विझवली.

अरबी नीतिविचारातली सगळ्यात आधुनिक कल्पना, माणसाचा आतला आवाज, माझ्या हस्ते वऱ्हाडात दाखल झाली होती. आणि आल्या आल्या तिने एका विधवेची वाट बंद केली होती. बाईकडे बघायची लाज वाटत होती.

ही पवित्र पोथी नाही, हे एका लेखकाचं मत आहे, असं सांगता आलं असतं. ते खरंच होतं. पण मग आजवरच्या साऱ्या किरिया पोकळ ठरल्या असत्या, आणि गावातला मिटलेला एकेक धुरा उठून बुलढाण्याच्या कोर्टात गेला असता. गप्प बसावं तर गोदाबाई बुडत होती. नीतीवर मी इतकी वर्षं वाचत होतो, पण अशा वेळी काय करावं ते एकाही ग्रंथात वाचल्याचं आठवेना. शेवटी कामाला आली ती धंद्यातली एक सवय.

मासिकात कोणी असा ठासून लेख लिहिला, की पुढच्या एक-दोन अंकांत त्याला कोणीतरी झोडपतंच. असा उत्तरलेख बघितल्याशिवाय मूळ लेखाबद्दल एक अक्षर लिहायचं नसतं. मी पाटलांना म्हटलं, “थांबा. हे बोलणं अर्धंच झालं आहे.”

“म्हंजे?”

“याच्यावर पुढे उत्तर असतं. मला शोधू द्या.”

“एकदा सांगतलं ते झालं ना!” संपत उसळला. “आता काय शोधून राह्यले?”

“तुले घाई काय आहे बे?” पाटील म्हणाले. “बस खाली.”

मी चौरंगासमोर मांडी ठोकली. अंक उलटसुलट लागलेले, काहींचे कोपरे वाळवीने खाल्लेले. पुढचा अंक सापडला, त्यात उत्तर नव्हतं, कापसाच्या भावावर लेख होता. बाहेर बिड्या पेटल्या. कोणी चहा आणला, तो निवला. उत्तर आलंच नसेल तर काय, या विचाराने मी एकेक पान दोनदा उलटत होतो. त्यानंतरचा अंक गठ्ठ्याच्या तळाशी निघाला. उत्तर होतं. नाईलकाठच्या कुठल्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेखांनी पाठवलेलं, बारीक टाइपात, मागच्या पानांत ढकललेलं. हे शेख मला नावाने माहीत होते. माझ्या कच्च्या थिसिसमध्ये त्यांना मी ‘काळाच्या मागे राहिलेले’ म्हणून एका फुटनोटमध्ये, म्हणजे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत, निकालात काढलं होतं.

या वेळी आधी सगळं मनात वाचलं. मग उठून उभा राहिलो.

“एक म्हातारे शेख उत्तर देतात. ते म्हणतात, विद्वान मित्राने लिहिलं की सज्जनाला शपथ लागत नाही. खरं आहे. पण शपथ सज्जनासाठी नसतेच. ती त्याच्या शेजाऱ्यासाठी असते. तुझ्या अंतःकरणात न्यायाधीश बसला असेल, पण तुझ्या शेजाऱ्याला तिथे जाऊन त्याला भेटता येत नाही. म्हणून शेजाऱ्याने शपथ मागितली तर ती नाकारायचा हक्क सज्जनालाही नाही.”

मग गोदाबाई उठली.

“मी शेजारीनच आहो,” ती म्हणाली. “मले याच्या मनातलं दिसत नाही. ठेव हात, संपत.”

संपत उठला. चौरंगापाशी आला. हात पुढे केला आणि तो गठ्ठ्याच्या वर तसाच राहिला. खाली साबणाची जाहिरात होती, पण ते त्याला कळायचं कारण नव्हतं. त्याचा चेहरा बघून मलाही ते आठवेना.

हात मागे गेला.

“पाटील,” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “बैल नवे आहेत माहे. धुऱ्याच्या अंगानं ओढतात. नांगराच्या तासातासानं सरकला असनं धुरा.”

“असनं,” पाटील म्हणाले. “मुकं जनावर. त्याले काय समजते.”

चूक बैलांची होती असं सर्वानुमते ठरलं. संध्याकाळच्या आत काटे उचलले गेले आणि पाच जणांनी जाऊन धुरा जुन्या जागी टाकला. संपत स्वतः फावडं घेऊन होता.

लोक पांगल्यावर याकूबमिया माझ्याजवळ येऊन बसले.

“साहेब, एक इचारू? किताब आधी एक म्हणते, मंग दुसरंच म्हणते. असं काऊन?”

त्या भल्या माणसाशी लपवाछपवी करवेना. मी सगळं सांगितलं. मासिक, संपादक, वर्गणीदार, साबण. ते बराच वेळ कापडाच्या घड्या घालत राहिले.

“अब्बाले माहीत असनं.”

“असणारच. त्यांनी कडेच्या कोऱ्या जागेत ठिकठिकाणी लिहून ठेवलंय.”

“काय लिहिलं?”

“संपादकाला शिव्या.”

याकूबमिया हसले. मग पुन्हा गंभीर झाले. “साहेब, गावातले सारे धुरे याच्यावर उभे आहेत. हा हालला का ते हालतीन. तुम्ही पाहिजे तितके दिवस राहा, वाचा, लिहून घ्या. पण गावाले नका सांगू.”

“कोणी विचारलं तर?”

“कोन इचारते?”

खरंच कोणी विचारलं नाही. मी त्यांच्या ओसरीवर बसून, रोज हातपाय धुऊन, सगळे अंक उतरवून घेतले. गावाशी मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. विचारलं नाही म्हणून सत्य सांगायचं नाही, याला नीतिशास्त्रात काय म्हणतात, यावर त्याच गठ्ठ्यात एक लेख होता. तो मी मुद्दाम सगळ्यात शेवटी वाचला. लेखकाचं मत माझ्या बाजूचं नव्हतं.

निघायच्या दिवशी गोदाबाई टोपलीभर वांगी घेऊन आली. “तुमच्या त्या बुढ्या मौलवीले सांगा,” ती म्हणाली, “म्हणा, वाट सुरू आहे.” शेख जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली असतील. मी सांगतो म्हणालो.

नागपूरला गाइडने नवा मसुदा वाचला.

“या शेखांना तू फुटनोटमध्ये गुंडाळलं होतंस. आता अख्खं प्रकरण?”

“त्यांचं म्हणणं पटलं, सर.”

“कोणाला?”

“मला, सर.”

“आणि हे ‘खाजगी संग्रह, बुलढाणा जिल्हा’ काय आहे? पत्ता दे.”

“मालकाची इच्छा नाही, सर.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. फार न बोलण्याचा त्यांचा गुण मला त्या दिवशी कळला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक मोठे विद्वान आले होते. त्यांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं.

“शेखांच्या या लेखाचा प्रभाव पडला असं तुम्ही लिहिता. हा लेख वाचून कोणाच्या वागण्यात काडीचा तरी फरक पडल्याचा पुरावा आहे?”

माझ्या डोळ्यांपुढे गोदाबाईचे बैल विहिरीकडे निघाले होते. “देता येण्यासारखा नाही, सर,” मी म्हणालो.

“म्हणजे नाही.”

“नाही, सर.”

त्यांनी शेरा लिहिला की प्रभावाचा दावा निराधार असून उमेदवार जुन्या मताच्या लोकांवर अकारण मेहेरबान आहे, आणि मला पदवी दिली. त्यांच्या बाजूने बघितलं तर शेरा बरोबरच होता. पुढे नोकरी संपेपर्यंत मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, की लेख सापडला म्हणून नाचू नका, उत्तर आलं आहे का ते आधी बघा. ते वहीत उतरवून घेत आणि मथळा बघून उतारे देत.

माझा थिसिस पक्क्या बांधणीत लायब्ररीच्या उंच फळीवर आहे. तोही आजवर कोणी उघडलेला दिसत नाही. पण त्याच्यावर हात ठेवून खरं बोलायची पाळी अजून एकाही माणसावर आलेली नाही.